टी-४ वाढलेला, टीएसएच मात्र जागच्या जागी: आमचे पाच महिने

हे लिहायचं कारण एवढंच, की आमच्या रिपोर्टसारखा रिपोर्ट हातात आला तर गूगलवर मराठीत काहीच सापडत नाही. शेवटी निघालेल्या निदानाचं नाव थायरॉईड हार्मोन रेझिस्टन्स: रक्तात हार्मोन भरपूर, पण काही अवयवांना ते नीट ऐकू जात नाही. मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणून मला निदान बाटल्या आणि आकडे कळत होते. ज्याला तेही कळत नाही त्याची काय गत होत असेल, हा विचार या पाच महिन्यांत अनेकदा आला.

पेशंट म्हणजे माझा धाकटा भाऊ, वय २६, चोपडा तालुक्यात केळी करतो. छाती धडधडते आणि मानेत काहीतरी भरल्यासारखं वाटतं, या तक्रारीवरून १२ फेब्रुवारी २०२४ ला तपासणी झाली. टी-४ आणि टी-३ म्हणजे थायरॉईडचे हार्मोन, टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन. फ्री टी-४ २.७ (नॉर्मल ०.९ ते १.७), फ्री टी-३ ५.८ (२.० ते ४.४), टीएसएच २.९ (०.४ ते ४.५). नाडी १०४. थायरॉईड वाढलाय असं सांगून हार्मोन कमी करणारं कार्बिमॅझोल सुरू झालं, रोज २० मिलिग्रॅम. रिपोर्टचा फोटो त्याने मला व्हॉट्सॲपवर टाकला होता. मी वरचे दोन लाल आकडे बघितले, 'गोळी चुकवू नको' असं लिहिलं आणि कामाला लागले. तिसरा आकडा मी वाचलाच नाही, आणि वाचायला हवा होता तो नेमका तोच.

२८ मार्चला पुन्हा तपासलं. टी-४ १.६ वर आला, म्हणजे कागदावर औषध लागू पडलं. पण टीएसएच १४.२, आणि मानेची गाठ डोळ्यांना दिसेल एवढी. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

शेतातल्या टाकीला फ्लोट असतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि मोटर बंद पडते. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने चालवलेली मोटर. थायरॉईड हार्मोन म्हणजे टाकीतलं पाणी. थायरॉईड ग्रंथी स्वतःच्या मनाने जास्त हार्मोन ओतत असेल तर पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच ०.१ च्या खाली, बरेचदा मोजताही येणार नाही इतका खाली जातो. फेब्रुवारीच्या रिपोर्टमध्ये टाकी ओसंडत होती आणि मोटर आरामात चालू होती. म्हणजे एक तर मोजमाप चुकलं, नाही तर पिट्युटरीत टीएसएच बनवणारी गाठ आहे, नाही तर फ्लोटला पाणी लागतच नाही. या तिन्हींत कार्बिमॅझोलचं काम नाही. ते दिलं की हार्मोन उतरतं, पिट्युटरीला आणखीच कमी ऐकू येतं, ती टीएसएच वाढवते आणि त्या माराने मानेची गाठ फुगते.

गोळी डॉक्टरांना विचारून १ एप्रिलला थांबवली. इथे पहिली सूचना: औषध बंद केल्यावर लगेच तपासायला धावू नका. पिट्युटरी आणि थायरॉईड यांचा ताळमेळ बसायला सहा आठवडे लागतात. मधल्या काळातला कुठलाही आकडा अर्धवट असतो आणि पैसे वाया जातात. आम्ही १४ मेपर्यंत थांबलो. भावाला हे थांबणं सगळ्यात जड गेलं. ऐन उन्हाळ्यात, जळगावचा पारा ४४-४५ वर, त्यात ज्याच्या अंगात हार्मोन जास्त त्याला ऊन आधीच सोसत नाही. धडधडीपुरती प्रोप्रॅनोलॉल चालू होती. दमा असेल तर ती चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

१४ मेला मोजमापाची शंका फेडून घेतली. एकदाच काढलेल्या रक्ताचा सीरम दोन भागांत केला आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवला. कारण असं, की काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात ज्या यंत्राच्या रसायनालाच चिकटतात आणि आकडा फुगवतात. यंत्राची पद्धत बदलली की असा आकडा बदलतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि फॉर्मवर लिहा. दुसरी एक शक्यता अल्ब्युमिन या प्रथिनाच्या जन्मजात बदलाची असते. त्यात अल्ब्युमिन टी-४ ला जास्त घट्ट धरतं, टी-४ चा आकडा वाढतो, पण टी-३ बहुधा ठीक असतो. भावाचे दोन्ही वाढलेले, दोन्ही यंत्रांवर वाढलेले, आणि टीएसएच पुन्हा ३.१. थायरॉईडवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी नाहीत. खर्च १,७५० रुपये.

त्याच दिवशी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी तपासणी केली: आई-बाबांचं रक्त. बाबांचे आकडे साधे. आईचा टी-४ २.४, टीएसएच २.६. आईला आयुष्यात थायरॉईडची तक्रार नाही. 'माझं मन घाबरतं' एवढं ती वर्षानुवर्षं म्हणत आलीय आणि आम्ही ते कधी मनावर घेतलं नाही. मग आजी आठवली, आईची आई, पारोळ्याची. तिच्या गळ्यावर हाडाच्या जरा वर आडवा पांढुरका व्रण आहे, काळ्या मण्यांच्या पोतीखाली दबलेला. १९८४ साली गलगंडाचं ऑपरेशन झालं होतं. लहानपणी आम्ही त्या रेघेवर बोट फिरवायचो.

एंडोक्रायनॉलॉजिस्टसाठी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांसाठी, २७ मेला सकाळच्या गाडीने नाशिक गाठलं. फी ९००, नंबर लागायला अडीच तास. सगळे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावून, वर एका कागदावर तारीख, टी-४, टी-३, टीएसएच आणि त्या दिवशी चालू असलेली गोळी असा तक्ता लिहून नेला होता. डॉक्टरांनी फाईल उघडलीच नाही, तो कागदच वाचला. हे नक्की करा. त्यांनी वंशावळ काढली, चौकोन पुरुषाचा, गोल बाईचा. मामाच्या मुलीशी लग्न वगैरे झालंय का, हेही विचारलं.

पिट्युटरीचा एमआरआय लगेच हवा का, हा आमचा मोठा प्रश्न होता. आम्हाला सांगितलेला दर ८,५०० होता. डॉक्टर म्हणाले, आईच्या रक्तात तोच नमुना असेल तर गाठीची शक्यता मागे पडते, आणि काही निरोगी माणसांच्या पिट्युटरीतही बारीकसा ठिपका दिसतो, मग नसता घोर लागतो. त्याऐवजी एसएचबीजी करून घ्या, १,१०० रुपये. हे प्रथिन यकृत बनवतं. यकृताला थायरॉईड हार्मोन जास्त पोहोचलं की ते वाढतं, आणि पिट्युटरीच्या गाठीत ते बहुधा वाढलेलं सापडतं. भावाचं नॉर्मल आलं. म्हणजे रक्तात हार्मोन भरपूर, पण यकृतालाही ते ऐकू जात नव्हतं, पिट्युटरीसारखंच. तिथून आम्ही जीन टेस्टकडे वळलो. संशय थायरॉईड हार्मोन रिसेप्टर बीटा या जनुकावर होता. रिसेप्टर म्हणजे पेशीतलं हार्मोन धरणारं प्रथिन. हे जनुक ३ नंबरच्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे.

टेस्टचे दोन पर्याय होते. एक्झोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी सगळी जनुकं वाचायची, २४,००० रुपये. किंवा फक्त या जनुकाचे ७ ते १० नंबरचे चार एक्झॉन, म्हणजे तुकडे, सँगर या अक्षर-अक्षर वाचायच्या पद्धतीने, ९,००० रुपये. रोगाची म्युटेशन, म्हणजे जनुकातले बदल, जवळजवळ सगळी याच चार तुकड्यांत सापडतात, म्हणून रक्ताचा नमुना इतका स्पष्ट असताना दुसरा पर्याय पुरेसा असतो. सँगरमध्ये काही नाही सापडलं तरी निदान रद्द होत नाही. काही कुटुंबांत लक्षणं असूनही या जनुकात बदल मिळत नाही.

रक्त ३ मिली, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. भरल्या भरल्या आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करायची, हलवायची नाही. गुठळी झाली तर पांढऱ्या पेशी तिच्यात अडकतात, आणि डीएनए त्यांच्यातूनच काढायचा असतो. फ्रीझरमध्ये ठेवू नका, पेशी फुटतात. डीएनए तसा काटक असतो, साध्या तापमानाला दोन-तीन दिवस टिकतो, पण आमच्याकडचं जूनच्या सुरुवातीचं तापमान साधं नसतं. थर्मोकोलच्या डब्यात जेलपॅक, जेलपॅक आणि ट्यूब यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी, कुरिअर सोमवारी सकाळी. शुक्रवारी पाठवाल तर रविवारभर गोदामात पडून राहील.

एवढं सगळं नीट करूनही नमुना सहा दिवस अडकला. ट्यूबवर भावाचं नाव वडिलांच्या नावासकट होतं, संमतीपत्रावर आधारप्रमाणे आडनाव आधी, आणि स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. लॅबने फोन केला नाही, मेल केला, तो स्पॅममध्ये गेला. चूक माझी. दुसऱ्यांच्या ट्यूबवर मी रोज हेच तपासते. ट्यूब, फॉर्म, संमतीपत्र आणि आधार, चारही ठिकाणी एकच नाव, एकच क्रम. आणि डॉक्टरांचं पत्र सोबत जोडा. 'थायरॉईड' एवढंच लिहिलेलं चालत नाही, कोणतं जनुक, कोणत्या संशयावरून, हे लागतं.

१२ जुलैला रिपोर्ट आला. एक्झॉन ९, सी.१०१२सी>टी, आर्जिनिन ३३८ ट्रिप्टोफॅन, हेटरोझायगस (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल), पॅथोजेनिक (रोग करणारा). सोबतचा आलेख मागून घेतला. तो जरूर मागा, फुकट मिळतो. सँगरच्या आलेखात प्रत्येक अक्षराचा एक डोंगर असतो: सी निळा, टी लाल, ए हिरवा, जी काळा. सगळीकडे एकेक सुटा डोंगर, आणि १०१२ व्या जागी निळा आणि लाल एकमेकांच्या पोटात, दोघेही निम्म्या उंचीचे. निळा एका पालकाकडून आलेला, लाल दुसऱ्याकडून. एका अक्षराचा फरक. सीजीजीचं टीजीजी झालं आणि प्रथिनात आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन बसलं. सीजी अशी जोडी जिथे असते तिथे सी वर मिथाइल गट लागतो आणि असा सी सहज टी होतो, म्हणून हेच म्युटेशन जगात एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक कुटुंबांत स्वतंत्रपणे सापडलंय. मामाने विचारलं होतं, कुणाच्या पापाने आलं. त्याला हे सांगितलं.

आता एका अमिनो आम्लाने एवढं काय बिघडतं? रिसेप्टर बीटा-१ हे ४६१ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याचा एक भाग डीएनएला धरतो, जस्ताच्या अणूंभोवती वळलेल्या दोन बोटांनी. शेवटचा मोठा भाग टी-३ ला धरतो. तो डझनभर मळसूत्री पट्ट्यांचा गठ्ठा असतो आणि टी-३ त्याच्या अगदी पोटात जाऊन बसतो. टी-३ नसतो तेव्हाही रिसेप्टर डीएनएवर बसलेलाच असतो, बहुधा आरएक्सआर नावाच्या जोडीदाराबरोबर, आणि जनुक दाबून धरणारी प्रथिनं, कोरिप्रेसर, त्याला चिकटलेली असतात. टी-३ आत शिरला की शेवटची, बारावी पट्टी पेटीच्या झाकणासारखी मिटते. त्याने बाहेरचा पृष्ठभाग बदलतो, कोरिप्रेसर सुटतात, त्यांच्या जागी कोॲक्टिव्हेटर येतात आणि जनुक चालू होतं. काही जनुकं उलट टी-३ आला की बंद होतात. टीएसएचचं जनुक त्यातलंच, म्हणून तर फ्लोट काम करतो.

रोगाची म्युटेशन तीन ठिकाणी गर्दी करून आहेत, अमिनो आम्लांचे नंबर धरून: २३४ ते २८२, ३१० ते ३५३ आणि ४२९ ते ४६१. सरळ रेषेत एकमेकांपासून लांब, पण प्रथिनाची घडी पडली की तिन्ही टी-३ च्या पोकळीभोवती येतात. ३३८ मधल्या गर्दीत आहे. तिथे बदल झाला की टी-३ ची पकड ढिली होते, किंवा टी-३ बसूनही कोरिप्रेसर नीट सुटत नाहीत. टी-३ ची पातळी वाढली तर ढिली पकडही काही अंशी भरून निघते. भावाच्या शरीराने जन्मापासून नेमकं तेच जमवलेलं होतं, आणि आम्ही जवळजवळ सात आठवडे कार्बिमॅझोल देऊन ते मोडत बसलो.

तीन गर्द्यांच्या मधल्या जागा रिकाम्या का, हे मला सगळ्यांत रंजक वाटलं. तिथे बदल होत नाहीत असं नाही. पण मधल्या भागाचा मोठा हिस्सा जोडीदाराला धरण्यासाठी असतो. तो बिघडला तर जोडी जमत नाही, रिसेप्टर डीएनएवर नीट बसत नाही, आणि मग दुसरी, चांगली प्रत बिनअडथळा काम करते. माणसाला काही होत नाही, तो डॉक्टरकडे जात नाही, यादीत येत नाही.

याचाच अर्थ, आमच्या घरातला त्रास रिसेप्टर कमी असल्याचा नाही. खराब रिसेप्टर डीएनएवर अगदी व्यवस्थित बसतो, म्हणून त्रास. एसटीत कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, स्वतः चढत नाही आणि चढलेल्याला बसू देत नाही, तसं. याला डॉमिनंट निगेटिव्ह म्हणतात. त्याचा पुरावा याच रोगाच्या पहिल्या कुटुंबात आहे. १९६७ साली अमेरिकेत वर्णन झालेल्या त्या कुटुंबात आई-वडील रक्ताच्या नात्यातले होते आणि काही मुलं बहिरी. पुढे कळलं, की त्या मुलांत या जनुकाच्या दोन्ही प्रती जवळजवळ पूर्ण गायब होत्या. आई-वडिलांत एकेकच प्रत गायब, आणि ते ठणठणीत. एक प्रत हरवली तर चालतं, एक प्रत अर्धवट बिघडली तर चालत नाही.

आपल्याकडे सातपुड्यात सिकलसेल माहीत असल्याने लोक लगेच तोच हिशोब लावतात: दोन्हीकडून आला तर रोग, एकीकडून आला तर नुसता वाहक. इथे तो हिशोब लागत नाही. एकच प्रत पुरते, आणि प्रत्येक अपत्याला, मुलगा असो की मुलगी, ५० टक्के शक्यता.

दुसरा नेहमीचा प्रश्न: रिसेप्टर खराब तर हार्मोन लागू पडत नाही, मग हृदय का धडधडतं? कारण थायरॉईड हार्मोनचे रिसेप्टर दोन जनुकांतून येतात. पिट्युटरी आणि यकृतात बीटाचा जोर, हृदयात आणि हाडांत अल्फाचा. अल्फाचं जनुक १७ नंबरच्या गुणसूत्रावर, ते आमच्याकडे शाबूत आहे. म्हणजे पिट्युटरी बहिरी म्हणून हार्मोन वाढतं, आणि ते वाढलेलं हार्मोन हृदयाला पूर्ण ऐकू जातं. एकाच शरीरात एक अवयव उपाशी आणि दुसरा तुडुंब. म्हणूनच टी-४ चा आकडा नॉर्मल करण्यामागे लागायचं नाही. नाडी बघायची, गरज असेल तेवढा बीटा-ब्लॉकर (प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी), अधूनमधून ईसीजी आणि इको.

सगळे रिसेप्टर असेच बिघडतात असं समजू नका. ड जीवनसत्त्वाच्या रिसेप्टरमध्ये डीएनए धरणाऱ्या बोटांतच बदल झाला तर हार्मोन छान बसतं पण जनुकाला हात लागत नाही. मुलाला मुडदूस होतो, अनेकदा डोक्यावर केसही नसतात, आणि ड जीवनसत्त्वाचे नेहमीचे डोस उपयोगाचे ठरत नाहीत. तिथे दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. टीएसएचच्या रिसेप्टरमध्ये काही बदल तर असे, की हार्मोन नसतानाच तो चालू राहतो. रिपोर्टवर 'रिसेप्टर म्युटेशन' एवढं वाचून दुसऱ्याच्या रोगाची माहिती आपल्याला लावू नका.

घरच्यांसाठी पूर्ण टेस्ट पुन्हा लागत नाही. बदलाची जागा कळली की तेवढीच तपासतात, माणशी ३,२०० रुपये. आईत तोच बदल, आजीत तोच, माझ्यात नाही. मामाने ट्यूब भरू दिली नाही. त्याच्या मुलीचं बघायचं चाललंय, आणि कागदावर काही आलं तर स्थळं बिथरतील ही भीती. मी जोर केला नाही, फक्त एक गोष्ट लिहून दिली: तिला पुढे दिवस गेले आणि टी-४ वाढलेला दिसला, तर कुणी गोळी सुरू करण्याआधी हा रिपोर्ट दाखवा. आईत बदल असेल आणि पोटातल्या बाळात नसेल, तर आईचं वाढलेलं हार्मोन त्या बाळाला जास्त होतं. बाळात असेल तर तेवढं सोसतं. दोन्हींची देखरेख वेगळी असते.

एकूण खर्च, प्रवास धरून, २६ हजारांच्या आसपास. विम्यातून काही मिळालं नाही, ॲडमिट नव्हतो ना. भावाने खिशात ठेवायला एक कार्ड लॅमिनेट करून घेतलंय: रोगाचं नाव, म्युटेशन, आणि 'टी-४ वाढलेला दिसला तरी थायरॉईडचं औषध, आयोडीन किंवा ऑपरेशन एंडोक्रायनॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको'. ३० रुपये.

आजीचं मात्र राहिलं होतं. ऑपरेशननंतर ती १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेते आणि टीएसएच कायम ३०-४० असतो, म्हणून प्रत्येक डॉक्टर तिला 'गोळी नीट घेत नाही' म्हणून रागावत आला. ती रोज पहाटे चहाच्या आधी गोळी घेते, मी स्वतः बघितलंय. तिचा रिसेप्टर ढिला, त्यामुळे तिला इतरांपेक्षा जास्त हार्मोन लागतं. वय लक्षात घेऊन २५-२५ ने, मध्ये सहा आठवडे सोडून, दर वेळी ईसीजी काढून डोस वाढवायचं ठरलं. ऑगस्टमध्ये १२५ वर टीएसएच २१ आला.

हे सगळं तिला अंगणात बसून समजावलं. तिने पोत बाजूला सारली, व्रणावर हात ठेवला आणि विचारलं, "मंग मनी मान फुकटच कापी का वं?"

हा रिसेप्टर प्रयोगशाळेत पहिल्यांदा ओळखला गेला १९८६ साली, आणि त्यातली पहिली म्युटेशन १९८९ मध्ये सापडली. तिचं ऑपरेशन १९८४ चं. मी तिला तारखा सांगितल्या. ती म्हणाली, पुढची रक्ततपासणी कधी? मी म्हटलं, दसऱ्याच्या आधी.